गाऊन घातल्यावर विचारलेला प्रश्न: म्हापशातल्या एका एमआरआय सेंटरचा अनुभव

यंत्राला पाच तारे, तंत्रज्ञाला पाच, रेडिओलॉजिस्ट बाईंना पाचाच्या वर काही असतील तर तेही. काउंटरला दीड, आणि तो दीडसुद्धा डोक्यावर पंखा होता म्हणून. सेंटरचं नाव घालत नाही. तीन-चार ओळखीच्यांना विचारलं, तर वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन आलेल्या सगळ्यांची तक्रार तीच निघाली. मग एकालाच का झोडायचं?

मी डिचोलीचा. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी, संध्याकाळी भजनात पेटी. गेल्या चवथीत पाच घरच्या आरत्या केल्या, आणि त्यातल्या एका घरी घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारा अगदी डाव्या कानाला खेटून बसला होता. त्या रात्रीपासून कानात रातकिडा. सुरुवातीला घुमटाला शिव्या दिल्या. पण दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, तरी किडा हलेना. वर फोन नकळत उजव्या कानाला जायला लागला. एकदा भजनात शेजारचा माझ्या डाव्या अंगाने "वरची पट्टी घे" म्हणून दोनदा ओरडला आणि मला ते तिसऱ्यांदा ऐकू आलं. मग मात्र कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. 4000 हर्ट्झच्या उंच सुराला उजवा कान 25 डेसिबल, डावा 55. आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही सारखे उतरले असते तर वय म्हटलं असतं. एकच उतरलाय, म्हणजे नस बघायला हवी." कानाकडून मेंदूकडे जाणारी जी आठवी नस, तिच्या आवरणावर कधी कधी छोटी गाठ येते. कर्करोगाची नसते, वाढते सावकाश, आणि माझ्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांमध्ये सापडतही नाही. पण सापडलीच तर लहान असताना सापडलेली बरी. चिठ्ठीवर लिहिलं: एमआरआय, प्लेन आणि कॉन्ट्रास्ट.

आता मूळ विषयाला येतो. हे "आणि कॉन्ट्रास्ट" म्हणजे काय, हे मला कोणी सांगितलंच नाही. सेंटरला फोन लावला. साधा साडेसहा हजार, कॉन्ट्रास्ट घातला तर साडेनऊ. मी विचारलं, "घालता म्हणजे काय घालता?" पलीकडून उत्तर, "डाय." "कसली डाय?" "कॉन्ट्रास्टची." एवढ्यावर ज्ञानदान संपलं. वर सूचना मिळाली, चार तास उपाशी या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन दोन दिवस बंद ठेवा.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याच्या मोबाइलवर जगातला प्रत्येक धोका सर्वांत आधी पोचतो. "भावजी, ते इंजेक्शन घेऊ नका. धातू असतो त्यात. मेंदूत जाऊन बसतो तो निघत नाही." हिच्या हातातली पळी तिथेच थांबली. मेहुणा निघून गेला, पण घराची झोप घेऊन गेला.

माझी मुलगी पणजीला फार्मसी शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. ती रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, मामा अर्धा बरोबर आहे. उरलेलं अर्धं मी सांगते." आणि पुढचा तास तिने माझी शिकवणी घेतली. तिच्याकडून जे कळलं ते इथे लिहितो, कारण तीन हजार रुपये जास्त मागणाऱ्यांनी ते सांगायला हवं होतं.

रंग-बिंग काही नसतो. बाटलीतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो, आणि चुंबकाजवळ त्याचा स्वभाव असा की आजूबाजूच्या पाण्यातले हायड्रोजनचे कण त्याच्यामुळे लवकर थाऱ्यावर येतात. त्यामुळे जिथे औषध पोचतं ती जागा फोटोत उजळते. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याला बाहेर झिरपू देत नाहीत, नसेवरची गाठ मात्र शोषून घेते, म्हणून ती दिव्यासारखी दिसते. सीटी स्कॅनमध्ये देतात ते आयोडीनचं औषध वेगळं. ही दोन्ही औषधं लोक सर्रास एकच समजतात, आणि "लोक" म्हणताना मी सेंटरवाल्यांनाही धरतोय, ते पुढे येईलच.

मोकळा गॅडोलिनियम विषारी. म्हणून तो दुसऱ्या रेणूत बांधून देतात, आणि खरी मेख त्या बांधण्यात आहे. काही औषधं लांबट साखळीची, म्हणजे लिनिअर. काही बंद कड्याची, म्हणजे मॅक्रोसायक्लिक. मला काही उमजेना तेव्हा मुलगी म्हणाली, "नारळाला सुंभ गुंडाळून खांद्यावर टाकलात तर वाटेत सुटू शकतो ना? करवंटीतलं खोबरं तसं बाहेर येतं का?" हे मला लगेच कळलं. लिनिअर म्हणजे सुंभ, मॅक्रोसायक्लिक म्हणजे करवंटी.

अमेरिकेत असलं पहिलं औषध 1988 मध्ये बाजारात आलं. 2006 मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी हे इंजेक्शन घेतल्यावर लाकडासारखी ताठ होते, सांधे धरतात. त्यातली जवळजवळ सगळी प्रकरणं लिनिअर औषधांची. तेव्हापासून आधी मूत्रपिंडाची चौकशी करायची पद्धत पडली. मग 2014 मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेतलेल्यांच्या मेंदूतल्या दोन-तीन जागा साध्या फोटोतही उजळ दिसतात, म्हणजे थोडा धातू मागे राहतो. त्या संशोधकांच्या म्होरक्याचं आडनाव कांदा. मी हसलो तर मुलगी रागावली. 2017 मध्ये युरोपने बहुतेक लिनिअर औषधं थांबवली, यकृतासाठीची आणि सांध्यात द्यायची अशी मोजकी ठेवली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध खात्याने सांगितलं की धातू सगळ्याच प्रकारांत थोडा राहतो, करवंटीवाल्यात सर्वांत कमी. मूत्रपिंडं चांगली असलेल्यांना त्यापासून थेट अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रुग्णाला लेखी माहिती द्या. म्हणजे मेहुण्याची बातमी खोटी नव्हती, अर्धवट होती. अर्धवट बातमीने हिची पळी थांबली होती, ही मात्र पूर्ण खरी गोष्ट.

माझं काय? मला नऊ वर्षं साखर आहे. म्हणून डिचोलीतच क्रिएटिनिन तपासून घेतलं, 0.9 आलं. त्यावरून मूत्रपिंडाचा रक्त गाळायचा वेग काढतात, तो 90 च्या वर. काळजी खरी सुरू होते 30 च्या खाली. मूत्रपिंडं अशी चालत असतील तर दर दीड-दोन तासाला रक्तातलं औषध निम्मं होतं आणि चोवीस तासांत जवळजवळ सगळं लघवीवाटे जातं. गरोदर बाईला हे अगदीच अडल्याशिवाय देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला पाजणं थांबवायची गरज नसते. आणि पूर्वी कधी या इंजेक्शनाने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते न विचारताही सांगायचं.

एवढं झाल्यावर मुलीने जो प्रश्न टाकला तो मला सुचलाच नव्हता. "बाबा, पण तुम्हाला लागणार आहे का तो?" कानाच्या आतल्या पोकळीत आणि नसेभोवती पाणी असतंच. एमआरआयची एक बारीक कापांची पद्धत आहे, तिच्यात ते पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि त्यातून जाणाऱ्या नसा काळ्या दोऱ्यांसारख्या. गाठ असेल तर दोऱ्याला गाठ मारल्यासारखी उमटते. पहिल्या चाचणीला बरेचदा एवढं पुरतं. अर्थात सगळ्यांना नाही. कान अचानक एका रात्रीत गेला असेल, आत सूज असल्याचा संशय असेल, आधी ऑपरेशन झालं असेल, तर कॉन्ट्रास्टने दिसतं ते साध्यात दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांना फोन करून हेच विचारलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खरं सांगू? सवयीने दोन्ही लिहिलं." त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या वाक्याने दुप्पट झाला. चिठ्ठी बदलून दिली: प्लेन, रेडिओलॉजिस्टना गरज वाटल्यास कॉन्ट्रास्ट.

शुक्रवारची वेळ मिळाली. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, त्यामुळे अस्नोड्यावरून जाणारी बस मिरच्यांची पोती आणि कोंबड्यांसकट भरलेली. ही सोबत आली, पण अर्धं लक्ष मयड्याच्या केळ्यांवर. तिला बाजारात सोडलं आणि मी उपाशीपोटी काउंटरवर.

तिथे दोन पानी इंग्रजी फॉर्म. चष्मा लावून वाचायला लागलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, खाली सही करा, पुरे." मी वाचतच राहिलो. तिसरा प्रश्न: मासे किंवा शिंपले खाल्ल्यावर अंगावर उठतं का? गोव्यातल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याची ॲलर्जी विचारण्यासारखं. माशांच्या ॲलर्जीचा गॅडोलिनियमशी काही संबंध नाही. पुढे आयोडीन, पुढे मेटफॉर्मिन. फॉर्म सरळसरळ सीटी स्कॅनचा. मी म्हटलं, "बाय, हा सीटीचा फॉर्म गं." ती म्हणाली, "सगळ्यांना तोच देतो." मेटफॉर्मिन मी बंद केलीच नव्हती. माझ्या मुलीने आणि डॉक्टरांनी दोघांनीही सांगितलं होतं की तुमची मूत्रपिंडं चांगली, या औषधासाठी ती थांबवायचं कारण नाही. पण फोनवरची सूचना पाळून दोन दिवस साखर चढवून घेणारे किती असतील? मूत्रपिंडाबद्दल मात्र फॉर्मवर एक ओळ, तीही दुसऱ्या पानाच्या तळाशी. क्रिएटिनिनचा कागद मी आपणहून पुढे केला. तो तिने न वाचता टाचणी मारून लावला.

मग आत जाऊन गाऊन. अंगठी, माळ, चष्मा, पट्टा, सगळं लॉकरमध्ये. गाऊनच्या दोन नाड्यांपैकी एक गायब. मी ती शोधत उभा असताना एक बाई दुसरा कागद घेऊन आल्या. "कॉन्ट्रास्टची सही, आणि तीन हजार काउंटरला भरायचेत." मी म्हटलं, चिठ्ठीवर गरज वाटल्यास लिहिलंय. त्या म्हणाल्या, "सगळे आधीच भरतात. नंतर लागला तर परत नंबर लावावा लागेल." एका हातात गाऊनची नाडी, दुसऱ्यात पेन, डोळ्यांवर चष्मा नाही, पाठ उघडी. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो, आणि त्याच अवस्थेत त्याला विचारायचं हे कोणाच्या डोक्यातून आलं, मला माहीत नाही. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याच कागदावर अंगठ्यासारखी सही करताना मी पाहिलं होतं. मी सही केली नाही. "डॉक्टर रागावतील हां," असं ऐकून घेतलं.

इथून तारे वाढतात. यंत्राच्या खोलीतून एक तरुण तंत्रज्ञ बाहेर आला, पेडण्याकडचा असावा. "थांब गो, चिठी दाखय," म्हणून त्याने चिठ्ठी घेतली, वाचली आणि रेडिओलॉजिस्टना दाखवायला गेला. बाई स्वतः आल्या. रागावल्या वगैरे काही नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. आधी साधा काढू, तुम्ही आत असतानाच मी बघते. लागलं तर येऊन सांगेन. पैसे नंतर, तुम्हाला परत नंबर लावावा लागणार नाही." म्हणजे मघाची ती भीती निव्वळ काउंटरची पैदास होती.

आत घेण्याआधी तंत्रज्ञाने हातात रबरी फुगा दिला, कानात बोळे घातले, डोक्यावर जाळीचा पिंजरा बसवला. "भिवपाचें कांय ना. फकत हालूं नाका." यंत्राच्या चुंबकाची ताकद 1.5 टेस्ला. आवाजाबद्दल सगळे सांगतात, पण पेटी वाजवणाऱ्याने काय ऐकलं ते सांगतो: आधी ठोके येतात, सरळ केरव्यात, मग एकच सूर लागून राहतो, काळी दोनच्या जवळपास, किंचित उतरलेला. उजव्या कानाने तो सूर आणि डाव्याने रातकिडा, अशी वीस मिनिटं.

मग शांत झालं आणि बाई आत आल्या. मला पुरतं बाहेर काढलं, पिंजरा उचलला. हे महत्त्वाचं, माइकवरून नाही विचारलं. म्हणाल्या, "काका, उजवी नस स्वच्छ दिसली. डावीकडे नसेला एक काळा धागा चिकटून गेलाय. बहुतेक रक्तवाहिनीचा वळसा असेल, पुष्कळांना असतो. पण तिथे एक-दोन मिलिमीटरचं दुसरं काही असेल तर मला वेगळं काढता येत नाहीये. इंजेक्शन दिलं तर गाठ असल्यास उजळेल. नको म्हणालात तर सहा महिन्यांनी परत साधा काढून तुलना करू, तेही चालण्यासारखं आहे."

हे "तेही चालण्यासारखं आहे" ऐकलं आणि माझा हो जवळजवळ ठरला. नाही म्हणायची वाट उघडी ठेवून कोणी विचारलं की भीती ओसरते. तरी मी पढवलेलं विचारलं: औषध कुठलं? तंत्रज्ञाने बाटली आणली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. चष्मा लॉकरमध्ये, मला दिसतंय धुकं. मग त्याने शाळेतल्यासारखं तोडून वाचलं, "गॅडो-टेरेट मेग्लु-मिन." करवंटीवालं. किती देणार? वजन सत्तर किलो, किलोला 0.2 मिली, म्हणजे चौदा. बाईंनी क्रिएटिनिनचा कागद टाचणी काढून स्वतः वाचला. मी हो म्हटलं, आणि सही त्या वेळी केली, चष्मा मागवून.

इंजेक्शन जाताना दंडापर्यंत गार ओहोळ चढल्यासारखं वाटलं, बस. खाज, मळमळ, घशाला काही, असं तंत्रज्ञाने दोनदा विचारलं. आणखी दहा मिनिटं यंत्रात, मग सुई हातातच ठेवून अर्धा तास बाहेर बसवलं. ॲलर्जी उठायचीच असेल तर बहुधा तेवढ्यात उठते आणि शीर उघडी असलेली बरी, असं त्याने न विचारता समजावलं. तोवर ही केळी घेऊन हजर. शहाळं प्यायलो, घरी गेलो, दिवसभर पाणी पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत.

रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी. बाईंनी पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवून मराठीत समजावला. काळा धागा रक्तवाहिनीचाच, उजळलेलं काही नाही, गाठ नाही. तो वळसा कानाची काहीच तक्रार नसलेल्यांनाही असतो, तेव्हा माझ्या रातकिड्याचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. म्हणजे साडेनऊ हजारांत कळलं ते एवढंच, काय नाही ते. काय आहे ते अजून कळायचंय. कानाचं यंत्र लावून बघा म्हणतात. पेटीला ते कसं सोसतंय ते बघू.

पावतीवर फक्त "कॉन्ट्रास्ट 3000". पुन्हा कधी हे इंजेक्शन घ्यायची पाळी आली तर आधी कुठलं, किती आणि कधी घेतलं हे हाताशी हवं, म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा लिहून मागितली. काउंटरवर "तसं देत नाही" म्हणाले. बाईंनी ते रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून खाली सही केली.

निघताना काउंटरवर म्हटलं, एमआरआयचा फॉर्म वेगळा करा, मराठीत किंवा कोंकणीत करा, आणि फोनवर वेळ देतानाच कॉन्ट्रास्टचं सांगा, म्हणजे माणूस घरी विचार करून, डॉक्टरला विचारून येईल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच लिहून द्या ना." चेष्टेत म्हणाली की खरंच, कळलं नाही. मी खरंच धरलं. माझ्या मुलीने आणि मी मिळून एक पान केलंय, मासे-शिंपले काढून टाकले आणि मूत्रपिंडाची ओळ सर्वांत वर घेतली. कानाच्या डॉक्टरांकडून तपासून झालं की एखाद्या शुक्रवारी नेऊन देणार आहे. केळी आणायला हिला म्हापशाला जायचंच असतं.